फिटची तारीख, पाळीची तारीख

मालवणात फिट हा एक विषय आहे आणि पाळी हा दुसरा. फिट आली की बापूस धावतो: डॉक्टरकडे, नाहीतर देवळात गाऱ्हाणं घालायला, बहुतेकदा दोन्हीकडे. पाळी चुकली की आवस शेजारणीला विचारते आणि ते बापसाच्या कानावरही जात नाही. शरीर एकाच मुलीचं, पण घराने ते दोघांत वाटून घेतलेलं असतं. दवाखान्यातही तेच. फिटचा डॉक्टर पाळीबद्दल विचारत नाही आणि पाळीची डॉक्टर फिटच्या गोळ्यांचं पाकीट बघायला मागत नाही. मधली जागा कोणाचीच नाही.

त्या मधल्या जागेत बोलणाऱ्या दोघी मी रचल्या आहेत. एक मावशी, निवृत्त आरोग्यसेविका. तिचं निम्मं आयुष्य उपकेंद्रात आणि उरलेलं पाणंदीतून चालण्यात गेलं. दुसरी तिची भाची, मुंबईत शिकून कुडाळात बसणारी स्त्रीरोगतज्ज्ञ. बोलणं आहे धुरीवाड्यातल्या दहावीत शिकणाऱ्या एका मुलीबद्दल. तीही रचलेलीच आहे. औषधं, कायदा, वर्षं आणि गावाच्या सवयी मात्र खऱ्या आहेत.

मावशी : तू तिच्या आवशीला काय सांगितलंस गो? परवा माझ्याकडे रडत आली. डॉक्टरीणबाई गोळी बदला म्हणतात, म्हणे.

भाची : बदला म्हटलं नाही. बदलता येईल का ते न्यूरॉलॉजिस्टना विचारा म्हटलं. तशी चिठ्ठी दिली आहे.

मावशी : तिला 'बदला' एवढंच ऐकू आलं. दोन वर्षांत पोरीला एक फिट नाही. त्याआधीचं तू पाहिलेलं नाहीस. सकाळी चहा प्यायला बसली की कप हातातून उडायचा. पेजेची वाटी एकदा भिंतीवर गेली. आवस तिला धांदरट म्हणून मारायची. मग जत्रेला रात्रभर दशावतार बघितला, पहाटे घरी आली आणि खळ्यातच आडवी झाली. दातखीळ, फेस, सगळं. लोक म्हणाले देवळाकडून येताना वाटेत काहीतरी लागलं. नारळ ठेवला, कौल लावला. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल.

भाची : तिला जागरण लागलं, मावशी. सकाळी हाताला बसणारे ते झटके हीच त्या आजाराची ओळख. ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. बारा ते अठराच्या दरम्यान बहुधा सुरू होते, म्हणजे मुली वयात येतात त्याच काळात. झोप मोडली की दुसऱ्या सकाळी फिट. दशावतार, गणपतीतली भजनं, परीक्षेची आदली रात्र.

मावशी : ते मला आता माहीत आहे. आधी एकाने एप्टॉइन दिलं होतं, तर झटके वाढले.

भाची : वाढणारच. एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन. ते काय, कार्बामाझेपिन काय, या प्रकारात झटके वाढवू शकतात.

मावशी : मग या प्रकाराला सगळ्यात लागू पडणारं औषध कोणतं?

भाची : व्हॅल्प्रोएट.

मावशी : तेच ती घेते. मग झालं तर.

भाची : फिटपुरतं झालं. दोन वर्षांत तिचं वजन अकरा किलोंनी वाढलंय. हनुवटीवर केस आलेत, डोक्यावरचे गळतायत. पाळी तीन-तीन महिने येत नाही. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांवर बारीक गाठींची माळ.

मावशी : म्हणजे पीसीओडी. ते हल्ली घरोघरी आहे. माझ्या शेजारच्या दोघींना आहे आणि त्यांनी फिटची गोळी डोळ्यांनीही पाहिलेली नाही.

मावशीचा हा मुद्दा टाळून पुढे जाता येत नाही. पाळीची अनियमितता वयात येण्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कुठल्याही मुलीला असू शकते आणि पीसीओडी व्हायला फिटची गोळीच लागते असं नाही. तरी व्हॅल्प्रोएटवरचा संशय हवेतला नाही. फिनलंडमधल्या औलू शहरात योउको इसोयार्वी आणि सहकाऱ्यांनी अपस्मार असलेल्या २३८ बायकांची तपासणी केली आणि १९९३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के बायकांच्या अंडाशयांत अशा गाठी होत्या. ज्यांनी ते वयाच्या विशीआत सुरू केलं होतं, त्यांच्यातल्या ८० टक्क्यांत गाठी तरी होत्या किंवा पुरुषी संप्रेरकं वाढलेली तरी.

मावशी : फिनलंडातल्या बायका आणि आमच्या गाबतिणी एका मापाच्या कशा?

भाची : मापाच्या नाहीतच. तो ८० चा आकडा मी इथे कोणाला सांगत नाही. नंतरच्या अभ्यासांत आकडे खाली आले. अपस्मार असलेल्या बायकांत औषध नसतानाही हा त्रास थोडा जास्त दिसतो, कारण फिट मेंदूत जिथे उठते तिथून संप्रेरकांचा कारभार फार लांब नाही. पण कोवळ्या वयात सुरू केलं तर जास्त त्रास होतो, ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. आणि ही पोर पंधरा वर्षांची आहे.

मावशी : मी फिटने गेलेली मुलगी पाहिली आहे. पीसीओडीने गेलेली पाहिलेली नाही.

(यावर भाची लगेच काही बोलत नाही. मीही बोललो नसतो.)

मावशी : विहिरीवर गेली होती पाणी काढायला. कठडा गुडघ्याएवढा. फिट आली तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हतं. दुसरीचा हात चुलीत गेला, पेज ढवळता ढवळता. आपल्याकडे चूल आहे, विहीर आहे, खाडी आहे, समुद्र आहे. रापण ओढायला बायका कंबरभर पाण्यात उभ्या असतात. शहरात फिट आली तर माणूस फरशीवर पडतो. इथे कुठे पडेल ते सांगता येत नाही. म्हणून फिट थांबवणारी गोळी मला देवासारखी वाटते, तिच्यामुळे मिशी फुटली तरी.

भाची : मिशी तुला फुटलेली नाही.

मावशी : तोंड वर करून बोलू नको.

भाची : बरं. पण मला सांग, एखादी पोर गोळ्या कधी बंद करते?

मावशी : बरं वाटलं की. नाहीतर कोणी सांगितलं की, डोकं खराब होतं म्हणून. आचऱ्याकडची एक होती, जाड झाली म्हणून घरच्यांनीच गोळी तोडली. तिसऱ्या दिवशी फिटीवर फिट, मध्ये शुद्धच नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेईपर्यंत आम्ही सगळे अर्धमेले. वाचली. शाळेत मात्र परत गेली नाही.

भाची : जाड झाली म्हणून तोडली. तूच म्हणालीस.

इथे दोघींचं भांडण सरळ रेषेत राहत नाही. मावशी एका पारड्यात जीव ठेवते आणि दुसऱ्यात रूप. भाची म्हणते ही पारडी वेगळी नाहीतच, कारण पंधरा वर्षांच्या मुलीला आरशात जे दिसतं त्यावर ती रात्रीची गोळी गिळायची की खिडकीतून टाकायची ते ठरवते. केस, वजन, मुरुमं यांना डॉक्टर मंडळी किरकोळ म्हणतात. मला तो शब्द खटकतो. चाळिशीतल्या पुरुषाला ते किरकोळ असेल.

मावशी : आमच्या वेळी निवड कुठे होती? गार्डिनल आणि एप्टॉइन. गार्डिनलने पोरं वर्गात पेंगायची. एप्टॉइनने हिरड्या दातांवर यायच्या, अंगावर लव वाढायची, चेहरा राठ व्हायचा. आम्ही ते बघायचो. कोणाला सांगायचो नाही, सांगून करणार काय? त्यापेक्षा हे व्हॅल्प्रोएट परवडलं.

भाची : त्या जुन्या गोळ्यांचं आणखी एक आहे, ते तुम्हाला दिसत नव्हतं. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, गार्डिनल ही तिन्ही यकृताला जास्त कामाला लावतात. त्यात ड जीवनसत्त्वही लवकर खर्च होतं. हाडं भरतात ती याच वयात, आणि त्याच वयात ही गळती.

मावशी : उन्हात राबणाऱ्या पोरींचीही?

भाची : त्यांचीही. म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व बघावं लागतं. आणि यकृत जास्त कामाला लागलं की दुसरी गोळीही लवकर विरघळवून टाकतं. तुला गणपतीतला गोंधळ आठवतो?

मावशी : दर वर्षीचा आहे. चतुर्थीच्या आधी आठ दिवस मेडिकलमध्ये पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची रांग. घरात गणपती, नैवेद्य करायला बाई हवी आणि ती बाहेर बसली तर कसं होणार! सासवा स्वतः घेऊन येतात सुनांना.

भाची : नॉरएथिस्टेरॉन. मेडिकलवाला कधी विचारतो का, तुला फिटची गोळी चालू आहे का म्हणून? कार्बामाझेपिनवर असलेल्या मुलीला ती गोळी पुरी पडत नाही, आरतीच्या वेळीच पाळी येते. मग घरचे म्हणतात अर्धी गोळी खाल्ली असशील. उलटा प्रकारही होतो. पीसीओडीसाठी आम्ही इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या लिहून देतो. मुलगी फिटसाठी लॅमोट्रिजिनवर असेल तर त्या गोळ्यांनी तिच्या रक्तातलं लॅमोट्रिजिन जवळजवळ निम्म्यावर येतं. पाळी आली नियमित, फिटही आली परत.

मावशी : हे तुम्हा पाळीवाल्या डॉक्टरांचं काम, गोळी लिहिण्याआधी विचारायचं.

भाची : आमचंच. नाकारत नाही.

मावशी : आणि आदल्या दिवशीची हरतालिका? कुवार मुली पाणीसुद्धा घेत नाहीत, रात्रभर जागतात. मी घरोघर सांगत फिरायचे, गोळीने उपास मोडत नाही. एका घरात आजीने मला शास्त्र विचारलं. मी म्हटलं, शास्त्रात गार्डिनलचं नाव नाही, म्हणजे निषिद्धही नाही.

भाची : हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं होतं?

मावशी : कुठल्याच नाही.

शरीरात काय होतं ते थोडक्यात. इस्ट्रोजेन मेंदूच्या पेशींना चेतवतं. प्रोजेस्टेरॉनपासून शरीर एक द्रव्य बनवतं, अ‍ॅलोप्रेग्ननोलोन, ते त्यांना शांत करतं. पाळी येण्याच्या आधी प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं, तेव्हा फिटला दार उघडं मिळतं. महिन्याच्या मध्यावर अंडं सुटताना इस्ट्रोजेन चढतं, तेव्हाही. नुकत्या वयात आलेल्या मुलींत तर बऱ्याच महिन्यांत अंडं सुटतच नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन पुरेसं बनत नाही आणि महिन्याचा सगळा उत्तरार्धच कच्चा राहतो. अँड्र्यू हर्झोग या अमेरिकी डॉक्टरने १९९७ मध्ये हे तीन नमुने मांडले. अपस्मार असलेल्या साधारण एक तृतीयांश स्त्रियांत फिटचा पाळीशी असा काही ना काही संबंध सापडतो.

गंमत अशी की अपस्मारावरचं पहिलं खरंखुरं औषध सापडलं तेच पाळीच्या वाटेने. १८५७ च्या मे महिन्यात, इकडे मीरतला उठाव झाला त्याच दिवसांत, लंडनच्या एका वैद्यकीय सभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी सांगितलं की पाळीच्या वेळी फिट येणाऱ्या बायकांना पोटॅशियम ब्रोमाइडने गुण येतो. लोकॉक हे व्हिक्टोरिया राणीचे बाळंतपणाचे डॉक्टर. फिटचं मूळ बायकांच्या कामवासनेत आहे आणि ब्रोमाइड ती थंड करतं, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब साफ चुकीचा, औषध मात्र लागू पडलं, आणि पुढे कित्येक दशकं पुरुषांनाही तेच दिलं गेलं. पाळीचा प्रश्न मात्र त्या वाटेवर कुठेतरी गळून पडला.

मावशी : आमच्याकडे फिट अमावास्येला येते म्हणतात. तू हसशील, पण मी वह्यांत बघितलंय, एखाद्या मुलीचं खरंच जुळतं.

भाची : हसत नाही. माझ्याकडे देवगडची एक येते, बावीस वर्षांची. तिची आई पक्की सांगत होती, अमावास्येच्या आगेमागेच येते म्हणून. मी म्हटलं घरचं कालनिर्णय घेऊन या, मागच्या वर्षाचंही. आईने फिटचे दिवस पेनाने फुली मारून ठेवलेले. आणि त्याच कालनिर्णयावर, दुधाच्या हिशोबाच्या खाली, मुलीने पेन्सिलीने बारीक टिंबं काढलेली, स्वतःच्या पाळीची. आईला त्या टिंबांचा पत्ता नव्हता, मुलीला फुल्यांचा अर्थ लागला नव्हता. सुरुवातीचे चार-पाच महिने तिन्ही एकत्र होती: अमावास्या, फुली, टिंब. मग अमावास्या एकीकडे राहिली, आणि फुली गेली टिंबाबरोबर.

मावशी : असं कसं?

भाची : चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. तिची पाळी अठ्ठावीस दिवसांची. महिन्याला दीड दिवस सरकतं. काही महिने माणूस फसतो.

मावशी : म्हणजे अमावास्या धरणारी माणसं वेडी नव्हती.

भाची : त्यांनी मोजलं होतं. शेजारची टिंबं त्यांना कोणी दाखवली नाहीत एवढंच. तिला आता न्यूरॉलॉजिस्टने पाळीच्या आगेमागे मोजके दिवस क्लोबझाम जोडून दिलंय. फिट बऱ्याच कमी झाल्या.

मला या सगळ्या बोलण्यातलं हे कालनिर्णय सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ईईजी मालवणात सहज होत नाही. रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासायचं तर नमुना बाहेर पाठवावा लागतो. पण भिंतीवर खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय नाही असं घर शोधावं लागेल, आणि त्यावर खूण करायला शाळकरी मुलगी पुरते. अडचण एकच आहे. ती खूण घरातल्या पुरुषांसमोर भिंतीवर दिसणार. चार दिवस बाहेर बसलेली चालते, ते सगळ्या वाडीला कळतं, पण भिंतीवरचं टिंब चालत नाही. हे कोडं मला सुटलेलं नाही.

मावशी : ते सगळं खरं. पण धुरीवाड्यातल्या पोरीच्या फिट पाळीबरोबर येत नाहीत. तिला येतच नाहीत.

भाची : तिचा प्रश्न पुढचा आहे. पाच-सात वर्षांनी ती लग्न करेल.

मावशी : तेव्हाचं तेव्हा.

भाची : तेव्हा उशीर झालेला असतो. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी बंद होते ती पहिल्या चार आठवड्यांत, पाळी चुकली हे कळेपर्यंत. पोटात व्हॅल्प्रोएट असताना शंभरातल्या दहा बाळांत मोठं व्यंग निघतं, एरवी दोन-तीन बाळांत निघतं. आणि जी वरून धडधाकट जन्मतात त्यांच्यातही शंभरातली तीस-चाळीस पुढे बोलण्यात, शिकण्यात मागे राहतात. हे परदेशातलंच आहे असं म्हणू नको. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली आहे, डॉ. संजीव थॉमस यांनी सुरू केलेली. आपल्याच देशातल्या बायका आहेत त्यात.

मावशी : मग सरकारं काय करतात?

भाची : ब्रिटनमध्ये २०१८ पासून नियम आहे, मूल होऊ शकेल अशा बाईला गर्भ राहणार नाही याची व्यवस्था केल्याशिवाय व्हॅल्प्रोएट द्यायचं नाही. २०२४ पासून तर पंचावन्नच्या आतल्या कोणालाही, बाई असो वा पुरुष, ते नव्याने सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे ठरवायचं.

मावशी : दोन तज्ज्ञ! इथे एकासाठी कोल्हापूर, बेळगाव नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं सरकारी इस्पितळ. बांबोळीला २०१८ मध्ये गोव्याबाहेरच्यांना पैसे लावले तेव्हा या जिल्ह्यात केवढा गहजब झाला होता, आठवतो? ओरोसला आता मेडिकल कॉलेज आलं, ते चांगलंच झालं. पण पहाटेची गाडी पकडून, दिवसाचा रोज बुडवून, मुलीची शाळा चुकवून आवस गेली आणि तिथे डॉक्टर रजेवर, हे मी किती जणींबरोबर भोगलंय. तुझी नवी गोळी सुरू करायची म्हणजे एक फेरी नाही. किती फेऱ्या?

भाची : लॅमोट्रिजिन असेल तर मात्रा हळूहळू चढवावी लागते, काही महिने. घाई केली तर अंगावर जीवघेणं पुरळ येऊ शकतं, आणि व्हॅल्प्रोएट चालू असताना तर आणखीच जपून. लेव्हेटिरॅसेटम लवकर चढवता येतं, पण काही मुलांची त्याने चिडचिड होते, रडू येतं.

मावशी : आणि एवढं करून फिट थांबण्याची हमी?

भाची : नाही. ब्रिटनमध्येच २०२१ साली मोठी तुलना झाली. अशा प्रकारच्या अपस्मारात लेव्हेटिरॅसेटम व्हॅल्प्रोएटच्या बरोबरीला आलं नाही.

मावशी : मग मी काय वेगळं सांगतेय?

भाची : तू चुकीचं सांगत नाहीस. कदाचित न्यूरॉलॉजिस्ट म्हणतील व्हॅल्प्रोएटच ठेवा, मात्रा कमी करून बघा, जोडीला फॉलिक अ‍ॅसिड द्या. धोका मात्रेवर असतो. मी ते मान्य करेन. पण ते ठरलं पाहिजे. आत्ता ते ठरलेलं नाही, नुसतं चालू आहे. तेराव्या वर्षी कोणीतरी लिहिलं, मेडिकलवाला दर महिन्याला देतो. मध्ये तिचं वजन अकरा किलो वाढलं, पाळी बिघडली, आणि कागदावर तीच ओळ.

मावशी : हे मात्र आहे. उलटंही बघितलंय. नवव्या वर्षी सुरू केलेली मात्रा चौदाव्या वर्षीही तीच. पोर दुप्पट झाली, गोळी तेवढीच. मग न्हाण आल्यावर फिट वाढल्या की सगळे म्हणणार, न्हाणामुळे वाढल्या. आणि दुसरी बाजू, न्हान इला की जातला सगळा, म्हणून गोळीच नाही. काहींचं जातंही, मग आणखी दहा घरं विश्वास ठेवतात.

भाची : जातं खरंच. झोपेत गाल-ओठ ओढले जाणारा एक प्रकार लहानपणी येतो आणि पंधरा-सोळापर्यंत आपोआप थांबतो. तो न्हाणाने थांबत नाही, वय झालं म्हणून थांबतो. हिचा प्रकार बहुधा जन्मभर सोबत करणारा.

मावशी : आवशीला हे सांगितलंस? जन्मभराचं?

भाची : नाही अजून.

मावशी : नको सांगू. सांगितलंस तर उद्यापासून ती लपवायला शिकेल. लग्नाचा कायदा १९९९ मध्ये बदलला, फिट येते म्हणून लग्न मोडता येत नाही, हे मी बैठकांत सांगायचे. हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या शेजारी अपस्मार लिहिलेला होता, तो काढला. बायका माना डोलवायच्या. कायदा दिल्लीत बदलला. इथे स्थळ बघायला आलेली मावळण अजून विचारते, मुलीला काही गोळीबिळी चालू नाही ना?

भाची : लपवलं की सासरी गोळी चोरून खायची. चोरून खायची म्हणजे चुकणार. आणि दिवस गेले की कोणाला विचारणार, हे औषध चालेल का? पुण्यात यशोदा वाकणकर यांनी संवेदना नावाचा गट चालवला. स्वतः अपस्मार भोगलेल्या, अनिल आणि सुनंदा अवचट यांच्या कन्या. अपस्मार असलेल्यांना तिथे उघडपणे बोलता येतं.

मावशी : पुणं लांब आहे.

भाची : धुरीवाडा तुझ्या घरापासून लांब नाही.

मावशी : तू मला कामाला लावायला आलीयस काय?

भाची : एक गोष्ट तुला सांगायची आहे. तिनेच सांगायला सांगितलं. आवशीला बाहेर पाठवून मी तिच्याशी बोलले, तेव्हा म्हणाली, मावशीला तुम्ही सांगा, आईला नको. ती गोळ्या रोज घेत नाही.

मावशी : कधीपासून?

भाची : मे महिन्यापासून. वर्गातल्या पोरांनी हनुवटीवरून काहीतरी नाव ठेवलं. आठवड्यातून दोन-तीन रात्री गोळी हातात घेते आणि न्हाणीघरात टाकते. सकाळचे झटके पुन्हा सुरू झालेत, बारीक. आवशीच्या नजरेला पडू नये म्हणून चहाचा कप दोन हातांनी धरते.

मावशी : आणि सायकलवरून शाळेत जाते ती! जेट्टीकडच्या रस्त्याने!

भाची : म्हणून सांगतेय.

मावशी : तिला हवंय तरी काय?

भाची : तिने दोन प्रश्न विचारले. एक, हे केस जातील का. दुसरा, भावासारखं तारकर्लीला स्कूबाच्या बोटीवर काम करता येईल का.

मावशी : स्कूबा! काय सांगितलंस?

भाची : पाण्याखाली नाही, कधीच नाही, हे सरळ सांगितलं. तिथल्या फॉर्ममध्येच फिटबद्दल विचारतात. कोणी बरोबर असेल, लक्ष ठेवून असेल आणि फिट पूर्ण काबूत असतील, तर कंबरभर पाण्यात पोहणं वेगळं. रडली नाही. म्हणाली, मग बुकिंगच्या टेबलावर बसेन. केसांचं विचारलं तेव्हा रडली.

मावशी : दोन वर्षं मी या घरात जातेय. मला कधी म्हणाली नाही.

भाची : तू काय विचारायचीस?

मावशी : गोळी घेतलीस? ती म्हणायची, हो.

मावशी नंतर बराच वेळ व्यवहाराचंच बोलली. रात्रीची गोळी उद्यापासून ती स्वतःसमोर गिळायला लावणार, शाळेत वर्गशिक्षिकेला सांगणार, सायकल बंद. भाचीने सायकल काही काळापुरतीच बंद असं म्हणायला लावलं. बऱ्याच गोळ्या चुकल्या असतील तर मात्रा स्वतःहून वाढवून भरून काढायची नाही, आधी फोन करायचा, हेही ठरलं. आवशीला काय सांगायचं यावर दोघींचं जमलं नाही. मावशीच्या मते चुकलेल्या गोळ्यांचं तोंडातून काढलं की पोरीला मार बसेल. भाचीच्या मते लपवाछपवीचा हाच पहिला धडा होईल. मला दोघींचं पटतं, आणि लिहिणाऱ्याला हे परवडतं. त्या आवशीच्या दारात उद्या मावशीला उभं राहायचं आहे.

भाची : मग बांबोळीला कधी? चिठ्ठी आहेच.

मावशी : चतुर्थी झाली की. पण एक सांगते. बदलायची झाली तर दहावीची परीक्षा झाल्यावर. मार्चच्या आधी तिच्या गोळीला कोणी हात लावायचा नाही.

भाची : ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील.

मावशी : ठरवू देत. पण त्या खोलीत मी बसणार. आणि डॉक्टरांनी पाळीचं विचारलं नाही, तर पोर स्वतः सांगेल. आवस नाही, मी नाही. तिला तारखा पाठ करून नेणार आहे.